लॅरी होम्सने तगड्या प्रतिस्पर्ध्यांना खरोखर टाळलं का?

तुम्ही विचारलंय की लॅरी होम्स सात वर्षं हेवीवेटचा विजेता होता, ४८ लढती एकही न हरता जिंकला, हे सगळं ठीक. पण केन नॉर्टनला त्याने दुसरी संधी दिली नाही, ग्रेग पेजशी लढायची वेळ आली तेव्हा पट्टाच सोडून दिला, टिम विदरस्पूनकडे परत फिरकला नाही आणि पिंक्लन थॉमसच्या वाटेलाच गेला नाही. मग त्याला मोठ्या विजेत्यांच्या पंक्तीत का बसवायचं?

यादी तुमची बरोबर आहे. यातलं एकही नाव खोडता येत नाही. बरीच वर्षं मीही हेच म्हणत होतो आणि हिरिरीने म्हणत होतो. जुन्या लढती बघायचा नाद मला फार पूर्वीपासूनचा. एकदा एका मित्राशी याच विषयावर कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा त्याला गप्प करायचं म्हणून मी कागद घेऊन बसलो. चौघांची नावं लिहिली. प्रत्येकासमोर त्या काळात त्याला कुणी हरवलं ते लिहिलं. मग त्या हरवणाऱ्यांपैकी ज्यांच्याशी होम्स लढला, त्यांच्यापुढे खूण केली. मित्राला गप्प करायचं राहून गेलं, कारण कागदावर खुणाच खुणा झाल्या.

नॉर्टनपासून सुरुवात करतो. ९ जून १९७८, लास वेगास. चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर दोघांचे गुण समसमान होते. पंधराव्या फेरीत दोघंही जागचे न हलता एकमेकांवर तुटून पडले. मी ती फेरी किती वेळा पाहिली असेल याचा हिशोब नाही. दोन पंचांनी होम्सला एका गुणाने पुढे ठेवलं, तिसऱ्याने नॉर्टनला, आणि डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा पट्टा होम्सच्या कमरेला आला. इतकी अटीतटीची लढत झाल्यावर पुन्हा सामना व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटतं. पण मार्च १९७९ मध्ये काय झालं ते बघा. अर्नी शेव्हर्सने नॉर्टनला पहिल्याच फेरीत झोपवलं. त्यानंतर नॉर्टनशी लढून होम्सला काय मिळणार होतं? तो लढला शेव्हर्सशी, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेव्हर्सला होम्सने आदल्या वर्षी, विजेता होण्याआधी, बारा फेऱ्यांत गुणांवर अगदी आरामात हरवलं होतं. त्याच्याविरुद्ध सिद्ध करायचं काही उरलं नव्हतं. आणि शेव्हर्सचा उजवा ठोसा म्हणजे त्या काळातला सगळ्यात जड ठोसा. तो नुसता लागला की खेळ खलास, मग आधी गुणांवर कितीही पुढे असा. सुरक्षित वाट शोधणारा विजेता या माणसाला दुसऱ्यांदा हाक मारत नाही. सातव्या फेरीत तो उजवा ठोसा बसलाच. होम्स सरळ पाठीवर आदळला. उठला, पण पाय ताब्यात नव्हते, आणि अजून बराच वेळ शिल्लक होता. ती फेरी त्याने कशी काढली हे तुम्ही प्रत्यक्ष पाहा. शेव्हर्स मारून मारून दमला, होम्सचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, परत चालू झाला आणि अकराव्या फेरीत पंचाने लढत थांबवली, ती शेव्हर्सला वाचवण्यासाठी.

आता पेज. इथे तुमचा आरोप सगळ्यात भक्कम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९८३ साली पेज डब्ल्यूबीसीचा अधिकृत पहिला दावेदार झाला. म्हणजे होम्सला ठरावीक मुदतीत त्याच्याशी लढणं भाग होतं. अशा वेळी दोन्ही बाजूंचं जमलं नाही तर लढतीचा लिलाव होतो. जो आयोजक जास्त बोली लावेल तो लढत भरवतो आणि त्या रकमेचा मोठा हिस्सा विजेत्याला मिळतो. लिलावात होम्सच्या वाट्याला सुमारे २५ लाख डॉलर येणार होते. दीड वर्षापूर्वी गेरी कूनीशी लढताना त्याला १ कोटीच्या आसपास मिळाले होते. त्यात आयोजक डॉन किंगशी त्याचं बिनसलेलं. त्याने नकार दिला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये जो फ्रेझरच्या मुलाशी, मार्व्हिसशी लढला. मार्व्हिसच्या नावावर तेव्हा फक्त दहा लढती होत्या. डब्ल्यूबीसीने या लढतीला मान्यताच दिली नाही. ती पहिल्या फेरीतच संपली. मार्व्हिस दोरांना टेकून मार खात होता आणि होम्स स्वतःच पंचाला हाताने खुणावत होता की थांबवा आता. डिसेंबरमध्ये होम्सने डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडला आणि नव्याने उभ्या राहिलेल्या आयबीएफ या संघटनेची मान्यता स्वीकारली.

हे टाळणंच होतं. याला दुसरं नाव नाही. भीतीपोटी झालं की पैशापोटी यावर वाद घालता येईल, पण पेजच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच होता: हक्काची संधी गेली. मार्व्हिससारख्या नवख्या पोराला पुढे करणं तर मला आजही खटकतं. लुसियन रॉड्रिगेझ, स्कॉट फ्रँक या त्याच वर्षीच्या लढतींबद्दलही होम्सच्या बाजूने बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

पण आता कागदावर पेजच्या नावासमोर काय आलं ते पाहा. १९८४ अखेरपर्यंत पेजला तिघांनी हरवलं. जून १९८२ मध्ये ट्रेव्हर बर्बिकने, तेही होम्स-कूनी लढत ज्या संध्याकाळी झाली त्याच संध्याकाळी, त्याच ठिकाणी. मार्च १९८४ मध्ये विदरस्पूनने, होम्सने सोडलेल्या त्याच पट्ट्यासाठी. ऑगस्ट १९८४ मध्ये डेव्हिड बे याने. बर्बिकला होम्सने १९८१ मध्येच पंधरा फेऱ्यांत हरवलं होतं. विदरस्पूनला १९८३ मध्ये. आणि बे पेजला हरवून अजिंक्य म्हणून समोर आला, तेव्हा मार्च १९८५ मध्ये होम्सने त्याला दहाव्या फेरीत संपवलं. तिघांपुढे तीन खुणा.

यातून होम्सने पेजला हरवलंच असतं असं सिद्ध होत नाही. बॉक्सिंगमध्ये अमक्याने तमक्याला हरवलं म्हणून पुढचा निकाल निघत नाही, आणि याचं उदाहरण खुद्द नॉर्टन आहे. त्याने अलीला तिन्ही लढतींत घाम फोडला. जॉर्ज फोरमनने त्याच नॉर्टनला दोन फेऱ्यांत आडवं केलं. आणि अलीने त्या फोरमनला हरवलं. शैलीशी शैली कशी भिडते यावर सगळं असतं. पेजचे हात त्याच्या आकाराच्या मानाने फार वेगवान होते, चांगल्या दिवशी त्याने होम्सला त्रास दिला असता असं मला वाटतं. त्याने डिसेंबर १९८४ मध्ये गेरी कोट्झीला बाद करून डब्ल्यूबीए या तिसऱ्या संघटनेचा पट्टा जिंकलाच की. माझं म्हणणं एवढंच आहे की पेजला टाळून होम्स सोप्या वाटेने गेला नाही. तोवर पेजवर मात करणारे जे लोक होते, ते सगळे होम्सला त्याच्या वाटेवर भेटले.

खरोखर टाळणारा विजेता कसा असतो हे पाहायचं असेल तर जॅक डेम्प्सीची मधली वर्षं पाहा. १९१९ ते १९२६ तो विजेता होता आणि त्या सगळ्या काळात हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय आव्हानवीर दारात उभा होता. ती लढत झालीच नाही. गोऱ्या विजेत्याने काळ्या माणसासमोर पट्टा पणाला लावू नये, असं वाटणारे लोक तेव्हा खेळ चालवत होते, त्यामुळे सगळा दोष एकट्या डेम्प्सीचा नाही. पण सप्टेंबर १९२३ मधल्या फिर्पोविरुद्धच्या लढतीनंतर सप्टेंबर १९२६ मधल्या टनीविरुद्धच्या लढतीपर्यंत तीन वर्षं त्याने पट्टा एकदाही पणाला लावला नाही. होम्सने सात वर्षांत वीस वेळा तो पणाला लावून राखला. हेवीवेटमध्ये एकाच सलग कारकिर्दीत त्याच्यापुढे फक्त जो लुई आहे, पंचवीस वेळा.

या विसांत भुक्कड लोक होते, मान्य. पण लढत ठरते तेव्हा कोण भुक्कड आणि कोण धोकादायक हे कसं कळणार? माइक वीव्हर जून १९७९ मध्ये समोर आला तेव्हा आठ लढती हरलेला माणूस होता. मोठ्या वाहिन्यांनी ती लढत दाखवायला नकार दिला, शेवटी एचबीओ या केबल वाहिनीने दाखवली. वीव्हरने होम्सला असं काही झोडपलं की बाराव्या फेरीत कसाबसा निकाल लागला. नऊ महिन्यांनी तोच वीव्हर जॉन टेटला पंधराव्या फेरीत बाद करून डब्ल्यूबीएचा विजेता झाला. म्हणजे आज आपण ज्याला सोपा गडी म्हणून मोजतो, तो वर्षभरात जगज्जेता. बर्बिक, विदरस्पून, जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथ, हे तिघंही होम्सकडून हरल्यानंतर जगज्जेते झाले. रेनाल्डो स्नाइप्स झाला नाही, पण १९८१ मध्ये त्याने होम्सला असा पाडला की उठून चालायला गेलेला होम्स थेट कोपऱ्यातल्या खांबावर जाऊन आदळला. अकराव्या फेरीत होम्स जिंकला.

आणि कूनी. त्याने ५४ सेकंदांत नॉर्टनला संपवलं होतं (पुन्हा नॉर्टन; कागदावर त्याच्यासमोर आणखी एक खूण), २५ लढतींत तो हरला नव्हता. तो गोरा असल्यामुळे सगळा बाजार त्याच्या मागे होता. विजेता होम्स, तरी रिंगमध्ये आधी पुकारा होम्सचा झाला आणि मानाचा शेवटचा पुकारा आव्हानवीराचा. पैसेही दोघांना समान. हे सगळं गिळून तो लढला आणि तेराव्या फेरीत जिंकला. ज्याला वाद टाळायचा आहे तो माणूस ११ जून १९८२ च्या त्या वातावरणात पाऊल टाकत नाही.

थॉमसबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो ऑगस्ट १९८४ ते मार्च १९८६ डब्ल्यूबीसीचा विजेता होता, त्याचा जॅब होम्सच्या तोडीचा होता, आणि दोघांची लढत न होणं हे आपल्या सगळ्यांचं नुकसान आहे. तीन संघटनांचे तीन विजेते होऊन बसल्यावर असं होतं. होम्स-कोट्झी ही दोन पट्ट्यांची लढत जून १९८४ साठी ठरली होती, पैशांची जुळवाजुळव झाली नाही म्हणून तीही बारगळली.

लोक मायकल स्पिंक्सचंही उदाहरण देतात, की एकही लढत न हरलेल्या जुन्या विजेत्या रॉकी मार्सियानोच्या ४९ विजयांशी बरोबरी करायची म्हणून होम्सने खालच्या वजनगटातला माणूस निवडला. असेल तसं. पण त्या निवडीची किंमत त्याने मोजली. २१ सप्टेंबर १९८५ ला तो हरला आणि आकडा ४८ वरच थांबला. त्यानंतर मार्सियानोबद्दल तो जे बोलला ते शोभणारं नव्हतं, त्याने नंतर माफीही मागितली. त्या बोलण्याचा राग लोकांनी त्याच्या सगळ्या कारकिर्दीवर काढला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तुमच्या यादीतलं एक नाव मात्र मी शेवटासाठी ठेवलंय, कारण त्याबाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. २० मे १९८३ ला विदरस्पून होम्ससमोर आला, तेव्हा त्याच्या नावावर फक्त पंधरा लढती होत्या. ही लढत मी आवाज बंद करून पाहिली, हातात पेन घेऊन, प्रत्येक फेरीला गुण देत. समालोचक काय म्हणतात त्याचा परिणाम नको होता. नवव्या फेरीत विदरस्पूनचे ठोसे लागले आणि होम्सचे गुडघे गेले. विजेता दोरांवर, समोरचा पोरगा मारतोय, आणि होम्स नुसत्या अनुभवावर ती वेळ काढतोय. बाराव्या फेरीनंतर माझ्या कागदावर होम्स एका गुणाने पुढे होता. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा विदरस्पून एका गुणाने पुढे आला. रिंगजवळच्या तीन पंचांतही एकमत झालं नाही, दोघांनी होम्सला दिलं आणि एकाने विदरस्पूनला.

नॉर्टनला नंतर शेव्हर्सने संपवलं, म्हणून ती दुसरी लढत निरर्थक झाली. विदरस्पूनच्या बाबतीत तसं काहीच झालं नाही. तो पुढच्या मार्चमध्ये पेजला हरवून जगज्जेता झाला, १९८६ मध्ये पुन्हा झाला. होम्सला दुसरी लढत द्यायला कुणी अडवलं नव्हतं. तो तेव्हा चौतिशीत होता. आणि वयाची ढाल पुढे करायची म्हटलं तर १९९२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, याच होम्सने ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या आणि तोवर अजिंक्य असलेल्या रे मर्सरला बारा फेऱ्यांत हरवलं. अंगात धमक होती. विदरस्पूनने तो पट्टा मिळवला तो होम्सने सोडून दिल्यावर, दुसऱ्याच माणसाला हरवून. ज्याच्या कमरेवरून तो एका पंचाच्या मताने हुकला होता, त्या माणसाने त्याला पुन्हा कधी रिंगमध्ये बोलावलं नाही.