नदीत दम टिकतो, टँकमध्ये का नाही?

प्रश्न : लहानपणी कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. आजही उन्हाळ्यात नदी सहज ओलांडतो. आता ४२व्या वर्षी टँकवर फ्रीस्टाइल शिकतोय, तर २५ मीटरची एक फेरीही पुरी होत नाही, छाती भरून येते. स्टॅमिना कमी पडतोय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्टॅमिना ठीक आहे, श्वास अडतोय. तोंड पाण्यात असताना तुम्ही श्वास रोखून धरत असणार. मग तोंड बाहेर आल्यावर क्षणभरात सोडायचाही आणि घ्यायचाही. सोडणं अर्धवट राहतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुदमरल्यासारखं होतं.

आधी छातीभर पाण्यात कठडा धरून उभे राहा. चेहरा बुडवून नाकातोंडाने सलग बुडबुडे सोडा. मग मान कुशीला वळवून तोंडाने झटकन श्वास घ्या, एक कान पाण्यातच ठेवून. दहा-दहा वेळा, तीनदा. खूण सोपी आहे : गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. दोन्ही बाहेर आल्या तर मान वळवली नाहीत, उचललीत.

डोकं वर ठेवायची सवय नदीची. तिथं समोरचा ओंडका दिसायलाच हवा, त्यामुळे तिथं ती बरोबर. टँकमध्ये डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि बुडतं अंग ओढण्यातच ताकद संपते. नजर तळाकडे ठेवा.

पाय कमरेतून हलवा, घोटे सैल. गुडघ्यातून सायकल मारली की फेस होतो, अंग पुढे सरकत नाही. हात खांद्याच्या रेषेत पाण्यात घाला. डोक्यासमोर आडवा गेला की अंग नागमोडी जातं. कोपर वर राखून पंजाने पाणी मांडीपर्यंत मागे ढकला. खाली दाबलंत तर नुसतं डोकं वर येईल.

प्रश्न : श्वास किती हात मारल्यावर घ्यायचा?

उत्तर : सध्या दर दोन हात मारल्यावर, सोयीच्या एकाच बाजूला. तीन हातांचं नंतर बघू. २५ मीटर, अर्धा मिनिट विश्रांती, असं सहा-आठ वेळा पुरे. पाय खाली जायला लागले की त्या दिवशी थांबा, पुढच्या फेऱ्यांत चुकाच पक्क्या होतात. आणि पावसाळ्यात पाणी वाढल्यावर घाटावर हा सराव नकोच.