पहिला पगार आणि स्वतःचं खातं

अगं, स्वातंत्र्याची सुरुवात मोबाइल नंबरापासून कर. खातं तुझ्या नावावर, पण ओटीपी वडिलांच्या किंवा भावाच्या फोनवर जात असेल, तर ते खातं तुझं नाही. शाखेत जाऊन नंबर बदलून घे, नॉमिनीची नोंदही तेव्हाच कर.

मग सहा महिन्यांचा खर्च साठव. महिन्याला १२,००० लागत असतील तर ७२,०००. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीत (आरडी, दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) आपोआप वळव. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं की काही उरत नाही. जमेल तशा १०,००० च्या वेगवेगळ्या मुदतठेवी कर, म्हणजे अडचणीत एकच मोडते, बाकीचं व्याज शाबूत. पीपीएफ, म्हणजे सरकारची दीर्घ मुदतीची बचत योजना, चांगलंच, पण मुदत १५ वर्षांची. अडीअडचणीचा पैसा तिथे नको.

मूळ गुणपत्रिका, पॅन, आधार स्वतःच्या कपाटात.

सगळ्यात जपायचं ते जामीन राहण्यापासून. कर्जदाराने हप्ते थकवले की बँक थेट जामीनदाराकडे वसुली मागू शकते, आणि नात्यापोटी केलेली एक सही पुढची कित्येक वर्षं बांधून टाकते. ‘सही करणार नाही, पण पाच हजार देते,’ असं शांतपणे सांग. नातेवाईक रुसतील. रुसू देत.