जनावरातला व्यान

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलं आहे: 'मुलीच्या वर्गाची सहल खाडीवर गेली होती. वहीत "प्राणी" या मथळ्याखाली तिने रोहित, निवटी, खेकडा आणि कोल्हा असं लिहिलं. बाईंनी कोल्हा ठेवला, बाकी तिघांवर काट मारली. बरोबर कोण? आणि प्राणी व जनावर यांत फरक काय? माणसाला जनावर म्हटलेलं चालतं का?'

ताई, बरोबर तुमची मुलगी. चारही प्राणी. 'प्राणी आणि पक्षी' हे ऐकलं की माझं डोकं उठतं. सहलीच्या पत्रकात तेच, बातमीत तेच, भिंतीवरच्या तक्त्यात तेच. 'फळं आणि आंबे' असं कुणी म्हणतं का? रोहित पक्षी आहे, म्हणजे प्राणी आहेच. खेकड्याला पाठीचा कणा नाही, पण कणा ही प्राणी असण्याची अट कधीच नव्हती. आणि निवटी तर बघण्यासारखी. ओहोटी लागली की चिखलावर येते, पुढच्या परांवर रेटा देत सरकते, मधेच उडी मारते. मासाच तो, पण अंग ओलं असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेतो. तिला प्राणी म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं?

कारण सगळं त्या श्वासातच आहे. 'ज्याला प्राण आहे तो प्राणी' इथवर शाळेत सांगतात आणि थांबतात. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. प्राण म्हणजे प्र आणि अन्. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, 'अन प्राणने' असं स्वच्छ दिलं आहे, अन् म्हणजे श्वास घेणं. वाऱ्याला अनिल म्हणतात तो याच धातूवरून. लॅटिनमधला 'अनिमा', म्हणजे श्वास, जीव, हा त्याचा सख्खा भाऊबंद, आणि त्या अनिमापासून झाला 'ॲनिमल'. म्हणजे प्राणी आणि ॲनिमल यांचा अर्थ तर एक आहेच, पण मूळही एकच. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता जनावर. सध्या एक संदेश फिरतोय: जन अधिक अवर, माणसांहून खालचे ते जनावर. साफ चूक. हिंदीतला 'जानवर' समोर उभा असताना अशी फोड सुचते तरी कशी? शब्द फारसी आहे. जान म्हणजे जीव, वर म्हणजे असलेला. जीव असलेला तो जनावर. प्राणी या शब्दाची घडण जशीच्या तशी.

पण ही 'जान' आली कुठून? कुणी तिचं नातं 'ध्यान'शी लावतात. मला ते मुळीच पटत नाही. ध्यान मनाचं असतं, जान छातीत असते. दुसरं मत असं की पह्लवीतल्या, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपातल्या, 'ग्यान'वरून जान आली आणि त्या ग्यानच्या मागे जुना इराणी 'व्यान' आहे: वि आणि तोच अन्. मी या मताचा आहे. आपल्या वि-चा, व-चा फारसीत ग होतो, हे काही मी मनचं सांगत नाही. संस्कृत वृक म्हणजे लांडगा, फारसीत तो गुर्ग. विनाशातल्या वि-नश् चा इराणी भाऊ पह्लवीत 'विनाह' झाला, त्याचा पुढे गुनाह, आणि आपण त्याचा गुन्हा केला. मग व्यानचा ग्यान आणि ग्यानचा जान व्हायला हरकत कसली? जेवणाआधी पाच प्राणांना एकेक घास वाहतात त्या प्राणाहुती आठवा: प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा. पहिल्या घासाला प्राणी बसलाय, तिसऱ्याला जनावर. जनावर परका शब्द म्हणून भाषेबाहेर काढायला निघालेल्यांनी आधी हे घास मोजावेत.

फरक विचारलात तो वापरातला. जनावर म्हटलं की गावाकडे गुरंढोरं. आणि रात्रीच्या वेळी म्हटलं की साप, कारण अंधारात सापाचं नाव घ्यायचं नाही. मी राहतो येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. एका पावसाळी रात्री आमच्या वॉचमनने इंटरकॉमवरून सांगितलं, 'साहेब, मीटर रूमपाशी जनावर निघालंय, खाली येऊ नका.' शेजारच्या मुलाला वाटलं बैल शिरला, तो बघायला जिना उतरू लागला. त्याचा हात धरून मी त्याला मागे ओढलं. शब्दाचा हा अर्थ मुलांना शिकवायलाच हवा.

आणि माणूस? शिवी म्हणून नको, पण गणना म्हणून त्याला बाहेर ठेवता येत नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात पाच पशू मोजले आहेत: गाय, घोडा, शेळी, मेंढी आणि त्यांच्याच रांगेत पुरुष. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनेही 1758 साली माणसाला सस्तन प्राण्यांत, नरवानर गणात बसवलं. त्याच गणात त्याने वटवाघूळही ठेवलं होतं. वटवाघूळ पुढे तिथून हलवलं. माणूस अजून तिथेच आहे.