यकृतातले खडे आणि उतरणारं वजन

प्रश्न : आईला (वय ५८) यकृताच्या डाव्या भागातल्या पित्तनलिकांत खडे आहेत. मध्येच थंडी वाजून ताप येतो, अँटिबायोटिकने उतरतो. गेल्या तीन महिन्यांत वजन ६ किलो घटलंय. सोनोग्राफीत ‘खडे, डावा भाग आक्रसलेला’ असं आहे, सीए १९-९ (कर्करोगात वाढू शकणारा रक्तातला घटक) २१० आलंय. कर्करोग असेल का?

उत्तर : शक्यता आहे, आणि ती लगेच तपासायला हवी. खड्यांमुळे वर्षानुवर्षं नलिकेच्या अस्तराला सूज राहते, त्यातूनच पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवू शकतो. ताप, पोटदुखी, कावीळ ही लक्षणं दोन्हींत सारखीच. म्हणून निदानाला उशीर होतो. पण ६ किलो वजन नुसत्या खड्यांनी घटलं असं मानून गप्प बसू नका.

सीए १९-९ साधारण ३७ पर्यंत असावं. पित्त तुंबलं किंवा जंतुसंसर्ग झाला तरी ते वाढतं. त्यामुळे ताप गेल्यावर, बिलिरुबिन (काविळीत वाढणारा रक्तातला घटक) उतरल्यावर ते पुन्हा करा. तेव्हाही चढंच राहिलं तर संशय बळावतो. मात्र काहींच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही, त्यामुळे नॉर्मल अहवालानेही निर्धास्त होता येत नाही.

सोनोग्राफीवर थांबू नका. खड्यांच्या सावलीत गाठ लपते, आणि हा रोग पुष्कळदा गाठ न होता नलिकेच्या भिंतीलगत पसरतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन) तिन्ही टप्प्यांचा सीटी आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करा. रेडिओलॉजिस्टना नेमकं विचारा : भिंत जाड आहे का, डावी पोर्टल शीर (आतड्याकडून यकृताला रक्त नेणारी) अरुंद झालीय का, लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) वाढल्यात का. जमल्यास स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी नळी) टाकण्यापूर्वीच स्कॅन व्हावा. स्टेंटनंतर भिंत सुजते, चित्र धूसर होतं. पण ताप-काविळीसोबत रक्तदाब घसरला किंवा गुंगी आली तर स्कॅनसाठी थांबू नये, आधी पित्ताला वाट करून द्यावी लागते.

पित्तनलिकेतून ब्रशने घेतलेल्या नमुन्यात पेशी थोड्याच मिळतात, तो निगेटिव्ह आला म्हणून रोग नाही असं ठरत नाही. त्वचेतून सुई घालायच्या आधी सर्जनना विचारा, सुईच्या वाटेने पेशी पसरू शकतात. शस्त्रक्रिया शक्य असेल तर बायॉप्सीवाचूनही ती करता येते. तुमच्या आईंच्या बाबतीत आक्रसलेला डावा भाग काढणं खड्यांसाठीही योग्यच ठरतं, कारण खडे, अरुंद नलिका आणि बिघडलेलं अस्तर एकदमच जातं. उजवा भाग अशा वेळी बहुधा वाढलेला असतो. तरी उरणाऱ्या यकृताचं मोजमाप आधी हवं : यकृत निरोगी असल्यास उरणारा भाग किमान २० ते २५ टक्के, पित्त तुंबलेलं असल्यास ४० टक्क्यांच्या आसपास. नलिकेच्या कापलेल्या टोकाची तपासणी ऑपरेशन चालू असतानाच व्हावी, आणि किमान ६ लसीकाग्रंथी काढल्या जाव्यात.

प्रश्न : खड्यांसाठी ऑपरेशन झालं, अहवालात कर्करोग निघाला. कडा स्वच्छ आहेत (कापलेल्या कडेला कर्करोग नाही). तरी केमो?

उत्तर : बहुतेकांना सुचवली जाते. कॅपेसिटाबिन गोळ्या १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी, अशा ८ फेऱ्या. सुरू करण्यापूर्वी डीपीडीची तपासणी करता येते का, विचारा. या एन्झाइमची कमतरता असल्यास नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. तळहात-तळपाय सोलवटले किंवा जुलाब लागले तर गोळ्या रेटू नका, डॉक्टर डोस कमी करतात. आणि या काळात ताप आला तर ‘खड्यांचाच’ म्हणून घरी औषध घेऊ नका : त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्या आणि पित्त तुंबलंय का ते पाहून घ्या.