मोबाइल आधी की उदासी आधी?

प्रश्न : मी सोलापूर विद्यापीठात एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून केगावजवळ मित्रांबरोबर खोली करून राहतो. रात्री इन्स्टाग्राम उघडले की पाहता पाहता अडीच वाजतात. पुण्यात नोकरीला लागलेल्या वर्गमित्रांचे फोटो पाहून आपण मागे पडलो असे वाटते. महिनाभर कशातच मन लागत नाही, डबा अर्धा परत जातो, तास बुडतात. दोनदा अ‍ॅप काढून टाकले, पण चार दिवसांत पुन्हा घेतले. हे व्यसन की नैराश्य?

उत्तर : झोप, भूक आणि मोबाइल या तिन्हींविषयी तुम्ही लिहिलेत, हे बरे झाले, एरवी आमच्याकडे नुसती मोबाइलची तक्रार येते, आणि तीही बहुधा वडिलांची. समाजमाध्यमांचे ‘व्यसन’ असे आपण सर्रास म्हणतो, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद असली, तरी समाजमाध्यमांच्या व्यसनाला स्वतंत्र निदानाचे स्थान नाही. नैराश्याचे निकष मात्र ठरलेले आहेत : किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडणे. तुम्हाला महिना झाला आहे, म्हणून आधी तपासणी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उदास माणसाला पुस्तक उघडवत नाही, चारचौघांत बसवत नाही, अंगठा तेवढा हलवता येतो. त्यात झोप जाते आणि दुसरा दिवस अधिकच जड होतो.

अ‍ॅप काढून टाकण्यापेक्षा वेळेला मर्यादा घालणे अधिक टिकते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात १४३ विद्यार्थी होते. ज्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहा मिनिटांवर आणले, त्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे तीन आठवड्यांत कमी झाली. विशेष म्हणजे, ज्यांच्यावर मर्यादा नव्हती, फक्त वापराची नोंद होत होती, त्यांचीही चिंता घटली. तेव्हा निदान रात्री तरी फोन उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावावा.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवावे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते; जगणे नकोसे वाटू लागले, तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी तेथे फोन करावा आणि खोलीतल्या मित्राला उठवावे. घरी ‘नैराश्य’ हा शब्द उच्चारणे अवघड वाटत असेल, तर झोप आणि भूक गेली आहे, एवढेच आईला सांगावे.