आपली मतं अनुभवातून बनतात, हे नऊ वर्षांच्या मुलाला कसं समजवावं?

समजवायला जाऊ नका, भाषण होतं. घरातल्याच एका गोष्टीवर दोघांची मतं का वेगळी आहेत, ते त्याला शोधू द्या.

आमच्याकडे पाऊस कामी आला. ढग भरून आले की लेकीला शाळेच्या सुट्टीची स्वप्नं पडतात आणि सासूबाई सगळ्यांना फोन लावत सुटतात. 'आजी उगाच घाबरते,' हे लेकीचं ठाम मत. म्हटलं, तिलाच विचार. पण 'का घाबरतेस' नको, 'कधीपासून घाबरतेस' असं विचार. (नुसत्या 'का'ला मोठी माणसंही सबबी सांगतात.) मग २६ जुलै २००५ निघाला: कुर्ल्यात कमरेएवढं पाणी, आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्याच्या मावशीआजीला विचारलं तर म्हणाली, 'आमच्याकडे काही विशेष नव्हतं गं.' शहर एक, दिवस एक!

मग लेकीला तिचंच विचारलं: तू कुत्र्यांना कधीपासून घाबरतेस? बराच वेळ गप्प होती. उत्तर दोन दिवसांनी, झोपताना आलं. तेवढी वाट बघायची, मध्ये टोकायचं नाही.