लुटीच्या भरवशावर आपत्कालीन निधी मोडावा का?

नमस्कार,

पत्रासोबत तुम्ही ऑनलाइन खेळातल्या चाचेगिरीचा दोन महिन्यांचा हिशेबही पाठवलात, त्याबद्दल आधी आभार. सल्ला मागणारे बहुतेक जण अंदाज पाठवतात. तुम्ही तारीखवार तास, हिश्श्याला आलेली लूट आणि गमावलेली जहाजं लिहून ठेवलीत, त्यामुळे मला मोघम बोलावं लागणार नाही.

इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही दीड वर्षापासून ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा खेळ खेळता. दोन अकाउंटवर खाणकाम करता आणि दोन्हींचं मासिक सबस्क्रिप्शन खिशातून भरता. गेले दोन महिने मित्रांच्या टोळीबरोबर चाचेगिरी करून पाहिलीत आणि ती आवडली. आता टोळीचा आग्रह असा, की तिसरं अकाउंट घ्या, तिन्हींचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन एकदम भरा, खाणकामाची जहाजं विकून लढाऊ जहाजं घ्या. वर्षभरात लुटीतून एवढं इस्क (खेळातले पैसे) जमेल की पुढे खेळ फुकटच. वर्षाची रक्कम तुम्ही आपत्कालीन निधीतून काढणार आहात, कारण "लुटीतून भरून निघेल."

माझं मत आधीच सांगतो. चाचेगिरी करा, मनसोक्त करा. निधीला हात लावू नका, आणि तिसरं अकाउंट आत्ता घेऊ नका.

"भरून निघेल" या दोन शब्दांत सगळी चूक आहे. इस्क हे त्या खेळातलं चलन. खेळ 2003 साली आइसलँडच्या सीसीपी कंपनीने आणला, आणि आइसलँडच्या खऱ्या चलनाचं लघुरूपही हेच आहे. तिथली बाजारपेठ इतकी खरी आहे की 2007 मध्ये कंपनीने तिच्या अभ्यासासाठी आयोल्फुर गुडमुंडसन हा अर्थतज्ज्ञ नेमला होता. पण या बाजाराचं दार एकाच दिशेने उघडतं. कुणीतरी खरे डॉलर देऊन प्लेक्स (सबस्क्रिप्शनसाठी चालणारी टोकनं) विकत घेतो आणि खेळातल्या बाजारात इस्कला विकतो. तुम्ही इस्क मोजून ते घेता आणि 500 प्लेक्स देऊन एका महिन्याचं ओमेगा, म्हणजे फी भरून मिळणारं, सबस्क्रिप्शन मिळवता. डॉलर आत जातात, इस्क मात्र बाहेर येत नाही. बाहेरच्या साइटवर इस्क विकून रोख पैसे घेणं कंपनीच्या करारात सरळ मना आहे. तसं केलं तर अकाउंट बंद होऊ शकतं. तुम्ही पत्रात तो विचार ओझरता मांडलाय, तो सोडूनच द्या.

जानेवारी 2014 मध्ये खेळातल्या बी-आर5आरबी नावाच्या तारका-प्रणालीत मोठी लढाई झाली. 75 टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजं, नष्ट झाली आणि सुमारे 3 लाख डॉलरचं नुकसान झाल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. तुमच्या मित्राने याच लढाईचा दाखला दिलाय. तो आकडा प्लेक्सच्या भावाने इस्कचे डॉलर करून काढलेला होता. ती जहाजं शाबूत राहिली असती तरी त्यांच्या मालकांना त्यांतला एक डॉलरही खेळाबाहेर काढता आला नसता.

म्हणजे निधीतून गेलेली रक्कम लुटीतून कधीच परत येणार नाही. फार तर पुढच्या वर्षी भरावी लागणारी फी वाचेल. आणि ही वाचणारी फीच तुमच्या कमाईची कमाल मर्यादा आहे. मे 2022 मध्ये मासिक फी 14.95 डॉलरवरून 19.99 डॉलर झाली. तोच दर धरला तर एका अकाउंटमागे महिन्याला तुम्ही जास्तीत जास्त 19.99 डॉलर वाचवू शकता, मग आकाशगंगा लुटून आणलीत तरी. वर मर्यादा घातलेली कमाई आणि खाली कितीही वाढू शकणारा खर्च, असा व्यवहार समोर आला की माझी पेन्सिल आपोआप थांबते.

आता तुमचा हिशेब. दोन महिन्यांत 41 तास चाचेगिरी, सात यशस्वी शिकारी, तुमच्या वाट्याला 210 कोटी इस्क. गमावलेली जहाजं 38 कोटींची. निव्वळ 172 कोटी, म्हणजे तासाला साधारण 4.2 कोटी. तुम्ही लिहिलेल्या भावाने 500 प्लेक्स 300 कोटींना पडतात. एका अकाउंटची महिन्याची फी काढायला सुमारे 71 तास लागतील. 19.99 डॉलरला 71 ने भागा: तासाला 28 सेंट. तिन्ही अकाउंट धरलीत तर महिन्याला 214 तास, म्हणजे रोज सात तासांच्या वर. तुमची नोकरी आहे, घर आहे. हे तास येणार कुठून?

आणि हा झाला चांगला अंदाज. वहीत पाचव्या आठवड्यात एक नोंद लाल पेनाने चौकट करून लिहिली आहे: एकाच मालवाहू जहाजातून तुमच्या वाट्याला 120 कोटी. त्या दिवशी काय आनंद झाला असेल ते चौकटीवरून कळतं. पण ती नोंद बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. सहा शिकारींचे मिळून 90 कोटी, नुकसान तेच 38 कोटी, तास तेच 41. तासाला सव्वा कोटीच्या आसपास. खाणकामात दोन अकाउंट मिळून तुम्हाला तासाला सहा कोटी मिळतात, आणि ते जवळजवळ दर तासाला मिळतात. चाचेगिरीचं उत्पन्न घबाडासारखं येतं. ज्यांना ते लागलं ते मित्रांना सांगतात, ज्यांना नाही लागलं ते गप्प बसतात, आणि टोळीत नव्याने येणाऱ्याच्या कानावर फक्त पहिलंच पडतं.

लुटीत एवढी अनिश्चितता का, हे खेळाच्या नियमांतच आहे. जहाज फुटलं की त्यातल्या प्रत्येक वस्तूची वाचण्याची शक्यता साधारण निम्मी. 100 कोटींचा माल पाहून तुम्ही झडप घालता, तेव्हा हिशेब 50 कोटींचाच धरायचा, आणि तोही टोळीत वाटला जाणार. हाय-सेकमध्ये, म्हणजे 0.5 ते 1.0 सुरक्षिततेच्या प्रणालींत, हल्ला केलात की कॉनकॉर्ड, म्हणजे खेळातलं पोलीस दल, येणार आणि तुमचं जहाज जाणार, हे ठरलेलंच. 1.0 मध्ये ते काही सेकंदांत येतात, 0.5 मध्ये साधारण 19 सेकंद मिळतात. म्हणून तर बहुतेक गँकर, म्हणजे हाय-सेकमध्ये असा हल्ला करणारे, 0.5 च्या वाटा धरून बसतात आणि कॅटॅलिस्टसारखी स्वस्तातली जहाजं वापरतात. कॉनकॉर्डने फोडलेल्या जहाजाला विमा मिळत नाही. वर पंधरा मिनिटं गुन्हेगाराचा शिक्का, त्या वेळात हाय-सेकमध्ये दुसरं जहाज बाहेर काढलं तरी तेही जातं. हा गमावलेला वेळ तुमच्या 41 तासांत धरलाय का, ते वहीवरून मला कळलं नाही.

याहून महत्त्वाचा खर्च तुमच्या यादीत नाहीच. हल्ल्यागणिक पात्राची सुरक्षा-पत घसरते. उणे 2 च्या खाली गेली की सर्वांत सुरक्षित प्रणालींत पोलीस मागे लागतात, उणे 5 च्या खाली कुणीही तुम्हाला हाय-सेकमध्ये बिनधास्त मारू शकतो. टॅग नावाच्या वस्तू विकत घेऊन पत सुधारता येते, पण त्यालाही इस्क लागतं. ज्या पात्रांनी तुम्ही शांतपणे खाणकाम करता तीच चाचेगिरीत उतरवलीत, तर आज मिळणारे तासाला सहा कोटीही धोक्यात येतील. लागलेली नोकरी सोडून धंद्यात उडी घेणाऱ्यांना मी जे सांगतो तेच इथे: आधीचं उत्पन्न चालू ठेवून बघा. खाणकामाची जहाजं विकू नका.

आता "करा" असं का म्हणालो, ते.

माझी मुलगीही हाच खेळ खेळते. तुमचं पत्र आल्यावर एका संध्याकाळी तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो. तिची छोटी टोळी लो-सेकमधल्या, म्हणजे कमी सुरक्षिततेच्या प्रणालीतल्या, एका गेटपासून (दुसऱ्या प्रणालीत जायच्या दारापासून) दूर दबा धरून होती. लो-सेकमध्ये कॉनकॉर्ड येत नाही, गेटवरच्या तोफा तेवढ्या असतात. पावणेदोन तास काही घडलं नाही. ती दर काही सेकंदांनी स्कॅनरचं बटण दाबायची, प्रणालीत कोण आलं त्या नावांच्या यादीकडे बघायची, कानातल्या हेडफोनवर मित्रांशी परीक्षांबद्दल, सिनेमांबद्दल बोलायची. मग एक मालवाहू जहाज आलं. सगळे एकदम गप्प. यांनी त्याला पकडलं, आणि दहाव्या सेकंदाला यादीत पाच नवी नावं आली. ते जहाज आमिष होतं. मिनिटभरात मुलीचं जहाज फुटलं. मला वाटलं ती चिडेल. ती हात चोळत हसत होती, समोरच्यांना "चांगली झुंज दिलीत" असं लिहीत होती, आणि रात्री जेवताना तीच गोष्ट दोनदा सांगितली तिने.

कमाई उणे. पण ती संध्याकाळ वाया गेली असं मी म्हणणार नाही. छंदावर माणूस खर्च करतो तो याचसाठी. तुम्हीही पत्रात लिहिलंय, की खाणकाम करताना एक डोळा दुसऱ्या स्क्रीनवरच्या मालिकेवर असतो आणि चाचेगिरी करताना छाती धडधडते. छातीची ती धडधड विकत घेण्यासारखी आहे. मात्र तिची नोंद खर्चाच्या बाजूला करा, गुंतवणुकीच्या नाही.

दुसऱ्याला लुटणं योग्य का, असंही तुम्ही विचारलंय. या खेळात ते नियमात बसतं आणि प्रत्येक खेळाडू ते मान्य करूनच आत येतो, म्हणून मला त्यात गैर वाटत नाही. एक गोष्ट मात्र पाळा. खंडणी घेतलीत तर जहाज सोडा. शब्द मोडणाऱ्याची गोष्ट पसरते, आणि मग पुढची शिकार खंडणी देण्याऐवजी फुटणं पसंत करते. सावकारी असो की चाचेगिरी, पत नसेल तर धंदा नाही.

तुम्ही आणखी दोन खेळांचा उल्लेख केलाय. एलिट डेंजरस 2014 मध्ये आला, तिथे मासिक फी नाही. एकदा विकत घेतला की झालं. माल तपासायचा स्कॅनर, मालाचं दार फोडणारे लिम्पेट नावाचे छोटे ड्रोन, चोरीचा माल काळ्या बाजारात विकणं, असा चाच्याचा सगळा थाट आहे, आणि जहाज गमावलं तर किमतीच्या 5 टक्के भरून ते परत मिळतं. कमाईत तिथेही खाणकामच पुढे, आणि ज्याला लुटारू नको असतील तो एकट्याच्या मोडमध्ये खेळू शकतो, म्हणून शिकारही कमी. पण खिशाला दरमहा भोक नाही. फक्त चाचा होऊन बघायची हौस असेल तर सर्वांत स्वस्त वाट हीच.

स्टार सिटिझनमधलं लढाऊ जहाज खऱ्या पैशाने घेऊ नका. 2012 मध्ये जाहीर झालेला तो खेळ लोकांच्या आगाऊ पैशांवर उभा आहे आणि अल्फा अवस्थेत वर्षानुवर्षं चाललाय. जहाजाचे आकडे, त्याची ताकद, खेळाचे नियम उद्या बदलू शकतात. शिवाय तिथे गुन्हेगार पकडला गेला की क्लेशर तुरुंगात जातो, आणि शिक्षा लवकर संपवायची तर तिथे मुख्यतः खाणकाम करावं लागतं. खाणकामाला कंटाळून चाचे होणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

राहिला निधी. तो नोकरी जाण्यासाठी, आजारपणासाठी, घरातल्या अचानक खर्चासाठी आहे. वर्षाचं सबस्क्रिप्शन एकदम घेतलं की महिन्याचा दर कमी पडतो, हे खरं. पण ही सवलत वर्षभर खेळणाऱ्यालाच मिळते. तुम्ही चाचेगिरी दोन महिने केलीय. तीन महिन्यांनी टोळी मोडली तर? ऑनलाइन टोळ्या मोडतात, भांडणाने नाही तर कुणाच्या बदलीने, कुणाच्या बाळाने.

म्हणून असं करा. आज जे दोन सबस्क्रिप्शन भरता, त्यातलं एक खाणकामाला ठेवा, दुसऱ्यावरचं पात्र लो-सेकच्या चाचेगिरीत उतरवा. हाय-सेकचं गँकिंग नंतर बघू. दोन्ही फी महिन्याच्या पगारातून, छंदाच्या खात्यातून, महिन्यामहिन्याने. लढाऊ जहाजांना इस्क खाणकामातूनच येऊ द्या, आणि जितकं इस्क एका संध्याकाळी गमावून शांत झोपता येईल तितक्याच किमतीचं जहाज उडवा. बारा आठवडे वही चालू ठेवा. सर्वांत मोठी शिकार वगळूनही लूट नुकसानापेक्षा जास्त भरत असेल आणि टोळी टिकलेली असेल, तर तिसऱ्या अकाउंटचा एक महिना घेऊन बघायला माझी हरकत नाही. पुढचा हिशेब पाठवाल तेव्हा गेटवर नुसते थांबलेले तास वेगळ्या रकान्यात लिहा.